बाग नव्यानं करणार आहेत. माझ्या चौदा वर्षांच्या मुलासाठी काय मागू?

युनिफॉर्मवाली

नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मी घरीच शाळेचे गणवेश शिवते, मालक टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत. घरी तेलुगू, शाळा मराठीतून झाली, तेव्हा लिहिण्यात काही इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या.

मोठा मुलगा चौदाचा, त्याला ऑटिझम आहे. धाकटी सातची. मोठा माझ्यापेक्षा उंच झालाय, मिसरूड फुटलंय, वजन पासष्टच्या घरात. बोलतो थोडंच. पण संध्याकाळचे सहा वाजले की चपला घालून दारात उभा राहतो आणि "उय्याला, उय्याला" सुरू. उय्याला म्हणजे झोका. झोक्यावर बसला की त्याला दुसरं काही लागत नाही. त्या दिवशी जेवण नीट, झोप नीट. नाही बसला तर रात्री काय होतं, ते ज्यांच्या घरी आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

बागेत पाटी आहे, "खेळणी फक्त १२ वर्षांखालील मुलांसाठी". हा झोक्यावर बसला की वॉचमन शिट्टी मारतो. शिट्टी ऐकली की हा कान दाबून खाली बसतो, मग उठवता उठत नाही. वॉचमन वाईट नाही हो. त्याला लांबून मिशा फुटलेला पोरगा बारक्या पोरांच्या झोक्यावर दिसतो, त्यानं तरी काय करावं? झोकाही तसा बारक्यांचाच आहे, ह्याची कंबर त्यात अडकते आणि निघताना मी आणि धाकटी मिळून ओढतो. बाकीच्या आया आपापली पोरं उचलून घसरगुंडीकडं नेतात. तोंडानं कुणी काही बोलत नाही, पण धाकटीला सगळं कळतं. परवा म्हणाली, "अम्मा, अन्नय्याला घरी ठेव ना, आपण दोघीच जाऊ."

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत मात्र हा मोठ्या पाळण्यात बसतो. भोंग्यांचा त्रास होतो म्हणून आम्ही दुपारी, गर्दी नसताना जातो. पाळणेवाल्यानं आजवर कधी वय विचारलं नाही, तिकीट विचारतो.

आता बागेचं काम नव्यानं होणार आहे. मोजमाप घ्यायला साहेब आले होते, मी धीर करून बोलले. ते म्हणाले, "ताई, तोंडी सांगून काही होत नाही. काय पाहिजे ते एका कागदावर लिहून द्या, मी फाइलला लावतो." एकच कागद म्हणाले, जास्त पानं कुणी वाचत नाही.

तर कागदावर काय लिहू? मला एक मोठा झोका सोडून काही सुचत नाही. ह्याच्या शाळेत चाकाच्या खुर्चीतली पोरं आहेत, न दिसणारी आहेत, कानाला मशीन लावलेली आहेत. त्यांना बागेत काय लागतं हे मला कुठं माहीत? एकट्या आपल्या पोराचं लिहून मोकळं होणं बरं वाटत नाही. आणि एक गोष्ट नक्की, वेगळी बाग नको. धाकटीला त्याच बागेत, त्याच वेळी खेळता आलं पाहिजे.

सातरस्ता

ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण जरा व्यवहारानं बघा. आमच्याकडच्या ओपन जिमचे पेडल वर्षाच्या आत गायब. भारी खेळणी आणली की रात्री टवाळ पोरं बसून मोडणार. त्यापेक्षा वयाची पाटी राहू द्या आणि तुमच्या मुलांसाठी सकाळचा एक तास वेगळा मागा. बाकीचा वेळ कुलूप. खेळणी टिकतील.

चाकखुर्ची

ताई, माझी मुलगी दहा वर्षांची आहे, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा हातापायांवर नीट ताबा नाही. आम्ही विडी घरकुलात राहतो. बागेत खेळणी कसली आहेत हा प्रश्न आमच्यापर्यंत पोचतच नाही, कारण आमचं घोडं गेटवरच अडतं. मोटारसायकली आणि जनावरं आत येऊ नयेत म्हणून पाइपचं वळणाचं फाटक केलंय. माणूस आडवा होऊन जातो, खुर्ची जात नाही. शेजारचं मोठं गेट कुलूपबंद, चावी माळ्याकडं, माळी जेवायला. मग मुलगी माझ्या खांद्यावर आणि घडी केलेली खुर्ची बायकोच्या हातात. आज ती चोवीस किलोची आहे म्हणून चाललंय.

म्हणून कागदावर पहिली ओळ गेटची लिहा. कुलूप न काढता खुर्ची जाईल अशी ९० सेंटिमीटरची मोकळी वाट. मोटारसायकल अडवायची असेल तर वॉचमननं अडवावी, तो बसलेलाच असतो तिथं.

दुसरी ओळ वाटेची. गेटपासून झोक्यापर्यंत सलग, सपाट, कडक रस्ता. पेव्हर ब्लॉक बसवतात आणि दोन पावसाळ्यांत ते वर-खाली होतात, खुर्चीची पुढची बारकी चाकं त्यात अडकली की पोर तोंडावर जातं. खेळण्यांखाली वाळू टाकतात, पडल्यावर लागू नये म्हणून. चांगलंच आहे, पण वाळूत चाक रुततं. निदान एका झोक्यापर्यंत आणि एका घसरगुंडीपर्यंत तरी रबराची फरशी मागा. आणि रॅम्प मागाल तर उतार लिहून द्या. एक फूट चढायला बारा फूट लांबी. नुसतं "रॅम्प करावा" लिहिलंत तर तीन फुटांत एक फूट चढवून ठेवतील. तो रॅम्प नसतो, ती खुर्चीसाठी घसरगुंडी असते.

वाळूत खेळायला माझ्या मुलीला फार आवडतं. तिच्यासाठी वाळू वर आणता येते. सिमेंटचं टेबलासारखं हौद करायचं, खालून ७० सेंटिमीटर मोकळं ठेवायचं, म्हणजे खुर्चीसकट गुडघे आत जातात. बाकीची पोरं उभी राहून त्याच वाळूत खेळतात. खर्च काहीच नाही.

आता जे कुणी बोलत नाही ते बोलतो. संडास. दहा वर्षांच्या मुलीचं डायपर बदलायला बागेत जागा नसते. आम्ही रिक्षाला चादर लावून बदलतो. इंग्लंडमध्ये ह्यासाठी 'चेंजिंग प्लेसेस' नावाची मोहीम २००६ पासून चालू आहे, तिकडं मोठ्या माणसाला आडवं करता येईल असा बाक आणि उचलायचं यंत्र बसवतात. आपल्याला यंत्र नको. आतून कडी लागणारी खोली, सहा फुटी गुळगुळीत बाक, नळ, आणि टाकी. टाकी विसरू नका. आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड, टाकी नसली की संडासाला कुलूप ठरलेलं.

सातरस्तासाहेब, सकाळी शाळेची रिक्षा असते. आणि माझी मुलगी दिवसभर तिच्यासारख्याच मुलांत असते. संध्याकाळी तिला गल्लीतली पोरं हवी असतात, तिच्याशी भांडणारी.

मूळची_बाळीवेस

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, माहेर बाळीवेसला, सध्या पुण्यात. ताई, मुलगा झोक्यानंतर नीट जेवतो-झोपतो हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, ते कागदावरही लिहा. तोल आणि हालचाल समजून घेणारी यंत्रणा कानाच्या आतल्या भागात असते. एका लयीत पुढं-मागं झुललं की बऱ्याच मुलांचं अंग शांत होतं. गोल फिरणाऱ्या चक्रीनं उलट काही मुलं जास्तच चेतवली जातात. आणि ही गरज बाराव्या वाढदिवसाला संपत नाही.

म्हणून पाटी काढा असं न म्हणता पाटी बदला म्हणा. वयाच्या जागी वजन. "या झोक्यावर एका वेळी जास्तीत जास्त इतके किलो." लहान झोका लहानांचा राहील, मोठा झोका वजन पेलणारा असेल, आणि वॉचमनला कुणाची मिशी बघावी लागणार नाही.

मोठा झोका म्हणजे टोपलीचा मागा. चारेक फुटांचं गोल कडं आणि त्यात दोरीची जाळी. बसता येतं, आडवं पडता येतं, ज्याला मान किंवा कंबर सावरता येत नाही त्यालाही झोपवता येतं. तुमची दोन्ही मुलं एकदम मावतील. धाकटी आपणहून भावाबरोबर बसेल असं खेळणं त्या बागेत आज आहे का? नसावं.

कोपरा एक शांत हवा. झाडाखाली, पाठीला भिंत, समोर खेळ दिसतो पण अंगावर येत नाही अशी जागा. तिथं स्पीकर नको, जनरेटर नको, गूं-गूं करणारी ट्यूब नको. मूल बिथरलं की दहा मिनिटं तिथं बसून परत खेळायला येतं, नाहीतर सगळ्या घराला उठून घरी जावं लागतं. आणि खेळण्यांभोवती कुंपण, बाहेर पडायला एकच वाट, तीही रस्त्याच्या किंवा पाण्याच्या बाजूला नाही. ऑटिझमची बरीच मुलं अचानक पळतात आणि पुष्कळदा पाण्याकडं पळतात.

एक स्वस्तातली गोष्ट म्हणजे चित्रफलक. झोका, घसरगुंडी, पाणी, शू, थांब, अजून, घरी. मोठी चित्रं, मुलाच्या उंचीवर. बोट ठेवायचं आणि सांगायचं. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, कुठली अक्षरं लिहायची ह्यावर बैठक बसेल. चित्राला बैठक लागत नाही.

न दिसणाऱ्या मुलांसाठी झोक्याच्या हद्दीत पाय पडला की पायाला कळेल अशी वेगळी खरखरीत फरशी, आणि अंधुक दिसणाऱ्यांसाठी कडेला ठळक पिवळा पट्टा. झोका येऊन डोक्याला लागणं हा त्यांच्यासाठी खरा धोका आहे. कानाला कॉक्लियर इम्प्लांट (ऑपरेशन करून बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) असलेल्या मुलांना प्लास्टिकच्या घसरगुंडीवर स्थिर विजेचा त्रास होऊ शकतो, म्हणून ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासणारे) बाहेरचं मशीन काढून ठेवायला सांगतात. तेव्हा घसरगुंड्या सगळ्याच प्लास्टिकच्या नकोत. पण सोलापुरात पत्र्याची घसरगुंडी मे महिन्यात म्हणजे तवा, तेव्हा ती झाडाच्या सावलीत आणि उत्तरेकडं तोंड करून. रबराची फरशीही काळी नको, फिक्या रंगाची. पारा ४२-४३ ला असताना काळ्या रबरावर अनवाणी पाय ठेवून बघा.

ट्रॅम्पोलिन मागू नका. डाउन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, तपासून घेतल्याशिवाय त्यांना उड्या आणि कोलांट्या नकोत. सार्वजनिक बागेत ते कोण बघणार?

युनिफॉर्मवाली

मॅडम, वजनाची पाटी! मी दोनदा वाचलं आणि मालकांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, यंत्रावर लिहितात तसंच की.

चाकखुर्चीदादा, रिक्षाला चादर लावून बदलतो हे वाचून पुढचं वाचवेना. ते मी कागदावर घेणारच, कुणाला अवघड वाटलं तरी.

सातरस्तादादा, तुमचा राग नाही. मोडतोड होते हे खरंच आहे. पण कुलूप लावलं की चावी शोधत फिरायचं काम आमचंच होतं. आता मला सांगा, टोपलीचा झोका येतो कुठून? बाहेरून मागवायचा तर साहेब "बजेट नाही" म्हणून तिथंच थांबतील.

वेल्डिंग_एमआयडीसी

ताई, अक्कलकोट रोडला आपलं फॅब्रिकेशनचं शेड आहे. झोके-घसरगुंड्या शाळांना लई करून दिल्यात. टोपलीचा झोका इथं होतो, काही अवघड नाही.

पहिली गोष्ट, झोका पोरं मोडत नाहीत, वरचा हुक मोडतो. लोखंडाच्या पाइपावर लोखंडाचा हुक घासून-घासून निम्मा होतो. तो कुंईकुंई आवाज येतो ना, तो हुक झिजल्याचा. मोठ्या झोक्याला हुक नको, वर बेअरिंग घाला, ग्रीस भरायला निपल ठेवा. कडं पाइप वाकवून करायचं, त्यावर नायलॉनची दोरी गच्च गुंडाळायची, मधली जाळी पण दोरीचीच. दोरी उन्हात पत्र्यासारखी तापत नाही. साखळीवर रबरी नळी चढवायची, नाहीतर बोटं चिमटतात. नट सगळे लॉकचे आणि टोकाला वेल्डिंगचा टिपका. मग पेडलसारखं कोण खोलून नेतंय बघू. दोरीची जाळी झिजणार, ती दर वर्षी बदलायची म्हणून कागदावर आत्ताच लिहा. दोऱ्या विणायला सोलापुरात माणसं कमी हायत काय?

पाय काँक्रीटमध्ये खोल जायला पाहिजेत. आम्ही झोक्याला वाळूची पोती टांगून बघतो, पाटीवर जे वजन लिहिणार त्याच्या दुप्पट-तिप्पट. पोती लटकवलेली असताना साहेबांना बोलवा, फोटो फाइलला लावतील.

पण एक सांगतो, चाकाच्या खुर्चीसकट चढायचा झोका आणि जमिनीलगतची चक्री ही दोन्ही माझ्यासारख्याकडून करून घेऊ नका. खुर्चीचा झोका म्हणजे जड लोखंडी पाट, मधे बारकं पोर आलं तर काय होईल? त्याला वेगळं कुंपण आणि कायम माणूस लागतो. चक्रीच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठतं, कडेच्या फटीत पाय जातो. ती तपासणी झालेली, कंपनीचीच घ्यावी, नाहीतर घेऊच नये. काम माझं जाईल, जाऊ दे.

निवृत्त_हेडक्लार्क

ताई, कागद कसा लिहायचा ते सांगतो, त्यातच आमचं आयुष्य गेलं.

विनंती म्हणून लिहू नका, संदर्भ देऊन लिहा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, तुमच्या मुलाचा ऑटिझम त्यात आहे. सार्वजनिक वास्तू म्हणजे काय ह्याच्या व्याख्येत करमणुकीच्या जागा येतात, आणि नवं बांधकाम सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येईल असं, असलंच पाहिजे असं कलम ४४ सांगतं. म्हणजे बाग नव्यानं होत असताना मागणं हीच योग्य वेळ. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम ३१ मुलांच्या खेळण्याच्या हक्काचं आहे, भारतानं तो करार १९९२ मध्ये मान्य केला. दिव्यांगांच्या हक्कांच्या करारातल्या कलम ३० मध्ये तर दिव्यांग मुलांच्या खेळाचा वेगळा उल्लेख आहे, तो आपण २००७ मध्ये स्वीकारला. सुगमतेचे निकष नुसते शिफारशीचे ठेवून चालणार नाही, बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलंय. एवढं सगळं लिहू नका, साहेब घाबरतील. अधिनियम आणि कलम ४४, दोन ओळी पुरे.

पैशाचं विचारलं तर दिव्यांग कल्याणासाठी महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांना ५ टक्के निधी राखून ठेवावा लागतो, त्याची आठवण द्या. दोन प्रती करा. एक त्यांना, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक. क्रमांकाशिवाय कागद म्हणजे तुम्ही घरी लिहिलेली चिठ्ठी.

धाकटी_बहीण

काकू, माझा भाऊ एकतीस वर्षांचा आहे, डाउन सिंड्रोम. तुम्ही लिहिताय त्यात "मुलांसाठी" असं लिहू नका, "सर्वांसाठी" लिहा. त्याला अजून झोका आवडतो आणि मलाही.

सासर बेंगळुरूला. तिथं फ्रेझर टाउनला कोल्स पार्कमध्ये 'किलिकिली' म्हणून पालकांच्याच संस्थेनं महापालिकेला बरोबर घेऊन सगळ्यांना चालतील अशी खेळणी बसवून घेतली. सुरुवात तुमच्यासारख्याच आया-बापांनी केली होती. अमेरिकेत सॅन अँटोनियोला २०१० मध्ये एका बापानं मुलीसाठी आख्खं 'मॉर्गन्स वंडरलँड' उभं केलं, दिव्यांगांना तिकीट नाही. पण ते सांगायला बरं, साहेबांना बेंगळुरूच दाखवा. उद्यान एक्स्प्रेसनं जाऊन बघता येतं.

आणि तुमच्या धाकटीला रागावू नका. मी पण म्हणायचे, दादाला घरी ठेव. मला दादा नको नव्हता असं नाही, ते बघणारे डोळे नको होते.

युनिफॉर्मवाली

सगळ्यांचं वाचलं. काल रात्री मशीन बंद केल्यावर कागद लिहायला घेतला. एका पानात बसवायचं म्हणजे काटछाट आलीच, ती मला येते.

वर काकांच्या दोन ओळी. मग गेट, ९० सेंटिमीटर, कुलपाशिवाय. मग गेटपासून झोक्यापर्यंत सलग वाट, रॅम्प असेल तिथं एकास बारा. मग टोपलीचा झोका, बेअरिंगवरचा, वजनाच्या पाटीसकट, आणि "जुनी वयाची पाटी काढून टाकावी" हे वेगळ्या ओळीत. मग संडास, बाक, टाकी. टाकी अधोरेखित केलीय. वाळूचं टेबल घेतलं कारण स्वस्त आहे, चित्रफलक घेतला कारण तो त्याहून स्वस्त आहे. चित्रं ह्याच्या शाळेतल्या बाई काढून देणार आहेत. कुंपण आणि शांत कोपरा एका ओळीत बसले. आमच्या बागेत दोन जुनी कडुलिंबाची झाडं आहेत, तीच जागा दाखवली आणि झाडं तोडू नका असंही लिहिलं. फरशीचा पिवळा पट्टा आणि फिका रंग समासात गेले. "मुलांसाठी" खोडून "सर्वांसाठी" केलं.

चक्री आणि खुर्चीचा झोका गाळले. चाकखुर्चीदादा, तुमच्या मुलीसाठी ते मागायला हवं होतं का, असं सारखं वाटत होतं, म्हणून तुम्हाला विचारते. नको असेल तर राहू दे, हवं असेल तर मागच्या पानावर लिहिते, भले साहेब रागावोत.

शिट्टीचं काय करू तेवढं कळेना. ते कागदावर शोभत नाही. वॉचमनला मी स्वतःच सांगितलं, दादा, शिट्टी नका मारू, हात करा, मी येते. तो म्हणाला, आधी सांगायचं ना ताई, मला वाटलं तुमचा कुणी नाही तो.

रविवारी सकाळी सातला मी आणि मालक गेट मोजायला जाणार आहोत, उन्हाच्या आत. खुर्ची वळायला दीड मीटर जागा लागते असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं. माझी शिवणाची टेप बरोबर तेवढीच आहे. चाकखुर्चीदादा, जमलं तर मुलीला आणि खुर्चीला घेऊन या, प्रत्यक्ष फिरवून बघू. वेल्डिंगदादा, तुम्हीही आलात तर झोक्याची जागा ठरेल. सातरस्तादादांनी यायलाच पाहिजे, कुठलं खेळणं कुठून मोडेल हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

सोमवारी कागद देते. आवक क्रमांक मिळाला की इथं टाकते.